आधी हवा, मग सूर : महालातली पेटी-दुरुस्ती

दुरुस्तीला आलेली पेटी टेबलावर ठेवली की नागपूरच्या महाल भागातल्या या कारखान्यातले कारागीर पट्ट्यांना हातच लावत नाहीत. सगळे स्टॉपर, म्हणजे सुरांकडे जाणारी हवा सोडणारे-अडवणारे पुढचे खुंटे, आत ढकलतात, भाता चार-पाच वेळा मारतात आणि कान पेटीच्या मागच्या कोपऱ्याशी नेतात. स्टॉपर बंद, एकही पट्टी दाबलेली नाही, म्हणजे हवेला बाहेर पडायला वाट नको. पोटातला भाता भरला की बाहेरचा भाता हाताला अडला पाहिजे. नाही अडला, हात सैल सुटत राहिला, तर हवा कुठून तरी जाते आहे. पेटीचा मालक सांगत असतो, वरच्या सप्तकातला पंचम फार बोचतो. कारागीर म्हणतात, "सूर मंग पाहू जी. हवा जाऊन राहिली ना."

पेटी इथे न्यावी ती या क्रमासाठी. पेटीतला प्रत्येक सूर म्हणजे पितळी चौकटीवर एका टोकाला रिव्हेट मारून बसवलेली पितळेची जीभ. हवेचा दाब वाढला की या जिभेचा सूर किंचित उतरतो. खर्जातल्या लांब जिभा जास्त उतरतात, तार सप्तकातल्या आखूड जिभा फारशा नाही. गळक्या पेटीत वाजवणारा भाता जोरात मारतो, दाब कधी चढतो कधी पडतो, आणि त्या अवस्थेत कुणी सूर लावून दिले तर भात्याचं ठिगळ बसल्या दिवशी खर्ज (एक सप्तक खालची सुरांची ओळ) आणि नर (मुख्य ओळ) यांचं पुन्हा बिनसतं. मग "गेल्याच वर्षी ट्यून केली होती" अशी तक्रार येते. लावताना चूक झालेली नसते, लावायची वेळ चुकलेली असते.

कारखाना म्हणजे जुन्या वाड्याची रस्त्याकडची एक खोली. पाटी नाही. वाद्यांच्या दुकानात किंवा एखाद्या गायन क्लासात विचारलं की पत्ता मिळतो. पेटी मोठ्या दुकानात दिली तरी ती बहुतेक वेळा अशाच एखाद्या खोलीत पोचते. मधले दिवस आणि दलाली तेवढी वाढते. भिंतीला उघड्या पेट्यांची पोटं टेकून ठेवलेली, कोपऱ्यात एखादी पायपेटी. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात आजही ऑर्गन वाजतो, आणि दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू व्हायच्या आधी वडसा-भंडाऱ्याकडची वाद्यं दुरुस्तीला नागपूर गाठतात. दिवाळीच्या आधीचा पंधरवडा म्हणून टाळावा. त्या दिवसांत घरगुती पेटी रांगेत मागे जाते, आणि ते चुकीचंही नाही. ज्याचं पोट त्या ऑर्गनवर आहे त्याचं काम आधी.

नागपुरात पेटी जितकी वाजवून झिजते त्याहून जास्त हवेने झिजते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, हवा इतकी कोरडी की लाकूड आक्रसतं, जोड उघडतात, कातडं कडक होऊन वळतं. जूनच्या मध्यानंतर पाऊस आला की तेच लाकूड फुगतं. हे बाराही महिने चालणारं, सगळ्यांना ठाऊक असलेलं. त्यावर आपण कूलरची भर घालतो. वाळ्याच्या ताट्यांमधून येणारा गार, दमट झोत बरोबर त्या कोपऱ्यात पडतो जिथे रियाजाची पेटी ठेवलेली असते. दुपारी पेटी दमट हवेत, संध्याकाळी कार्यक्रमाला निघाली की गाडीच्या तापलेल्या डिकीत, रात्री पुन्हा कूलरपुढे. एका दिवसात पेटी पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही पाहून येते. उघडल्यावर याच्या खुणा लगेच दिसतात. पट्ट्यांच्या पोलादी स्प्रिंगांवर गंज, सुरांच्या फळीच्या स्क्रूंवर गंज, पॉलिशवर पांढरट डाग, सरसाने चिकटवलेल्या कडा सुटलेल्या. पेटी कूलरच्या झोताबाहेर, आतल्या भिंतीला लावून ठेवली आणि खोका बंद ठेवला तरी निम्मी दुरुस्ती वाचते.

भजनी मंडळाच्या पेट्यांचं दुखणं वेगळं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांची परंपरा विदर्भात गावोगावी आहे. खंजिरी, तबला आणि वीस आवाज यांच्या वर पेटी ऐकू यायची तर भाता दणकून मारावा लागतो. त्यामुळे भात्याचे कोपरे आधी फाटतात. शिवाय गुलाल, बुक्का, अगरबत्तीची काजळी आणि कापराचा धूर जाळीतून आत जाऊन सुरांवर बसतो. गुलालाचा एक कण जीभ आणि चौकट यांच्यामधल्या फटीत अडकला की तो सूर एकतर मुका होतो किंवा तबल्याच्या सैल चाटेसारखा झणझणतो. असा सूर मेलेला नसतो. तो बदलायला सांगणारा कारागीर एकतर घाईत आहे किंवा सूर विकायला बसला आहे.

मुका सूर इथे कसा बोलता करतात ते पाहण्यासारखं आहे. वरचं झाकण, मग जाळी, मग पट्ट्यांवरची दाबपट्टी निघते. पट्ट्यांना मागच्या बाजूला पेन्सिलीने १ पासून आकडे घातलेले असतात. नसले तर आधी घालतात, कारण दोन शेजारच्या पट्ट्या अदलाबदल होऊन बसल्या तर त्यांच्या खालचं कातडं भोकावर नीट टेकत नाही. सुरांची फळी उलटी करून मऊ ब्रशने जिभेच्या लांबीच्या दिशेने झाडतात, आडवं कधीच नाही. मग पातळ पोलादी पट्टीने जिभेचं टोक केसभर उचलून खालून साधा कोरा कागद सरकवतात आणि ओढून घेतात. कागदावर लालसर रेघ उमटते, तोच गुलाल. तोंडाने फुंकर मारत नाहीत. थुंकीच्या वाफेने पितळ काळवंडतं. शेवटी टोक चौकटीच्या किती वर राहिलं ते डोळ्यांच्या पातळीत धरून पाहतात. जास्त वर असेल तर सूर उशिरा बोलतो आणि हवा खातो. फार खाली असेल तर हळू भात्यावर बोलतो, पण जोर दिला की गुदमरतो. हे अंतर खर्जात जास्त आणि तारेत अगदी कमी ठेवायचं असतं. सगळ्यांना एकच माप लावलेली पेटी हाताला लगेच कळते: वरच्या पट्ट्या आळशी आणि खालच्या घाबरट.

४२ पट्ट्यांच्या दोन सुरी पेटीत ८४ सूर असतात, तीन सुरी पेटीत १२६. ३९ पट्ट्यांची पेटी असेल तर ७८ आणि ११७. एवढ्या सगळ्यांना ब्रश आणि कागद लावायचा म्हणजे अर्धा दिवस जातो. कुणी "तासाभरात सर्व्हिसिंग" म्हणत असेल तर त्याने पेटी वरून पुसली, एवढाच अर्थ घ्यावा.

आता सूर लावण्याबद्दल. इथलं हे काम शहरातल्या चांगल्या कामांपैकी आहे आणि दोन दिवसांचं आहे. जीभ टोकाशी घासली की सूर चढतो, रिव्हेटजवळ घासली की उतरतो. टोकाचं वजन कमी झालं की जीभ भरभर हलते, मुळाशी पातळ झाली की लवचीक होऊन मंद हलते, एवढाच त्याचा हिशेब. घासताना जिभेखाली पातळ पट्टीचा आधार देतात, नाही तर जीभ वाकते. घासायचं लांबीच्या दिशेने. आडवा ओरखडा पडला की पितळ तिथूनच थकतं आणि काही महिन्यांनी जीभ त्याच रेषेवर तुटते. तुटलेल्या जिभेला डाग देऊन जोडता येत नाही, सूरच बदलावा लागतो. घासल्यावर पितळ गरम होतं आणि गरम पितळ किंचित उतरलेलं बोलतं, म्हणून सूर निवू देऊन मगच पुन्हा ऐकतात. दुसऱ्या दिवशी सगळी पेटी परत तपासतात, कारण घासलेली जीभ रात्रीत थोडी हलते. आणि शेवटची तपासणी झाकण लावून. उघड्या पेटीत जुळलेले सूर बंद पेटीत जरासे सरकतात. बरेच जण हा शेवटचा टप्पा गाळतात. इथे तो गाळलेला नसतो.

क्रम असा: आधी नर सुरांची एक ओळ मध्य सप्तकात लावून घेतात, मग तिच्यावरून तीच ओळ मंद्र आणि तारेत. त्यानंतर दुसरी ओळ पहिलीशी जुळवतात, आणि इथे मीटरपेक्षा कान चालतो. मध्यातली काळी एक, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी, सेकंदाला साधारण २७७ कंपनांची. जोडीचा सूर २७९ वर असेल तर दोन्ही एकत्र वाजवल्यावर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. हेलकावा लांबत लांबत विरून गेला की जोडी जमली. खर्जाची ओळ सर्वांत शेवटी, एक सप्तक खाली धरून. काही वादकांना थोडा डोल आवडतो. भजन-कव्वालीला तो शोभतो, भरल्यासारखा वाटतो. ख्यालाच्या साथीला नको. तंबोऱ्याच्या जवारीवर तो डोल चढला की गायकाला षड्ज सापडत नाही. तुम्ही पेटी कशासाठी वाजवता हे कारागिरांनी विचारलं नाही तर आपणहून सांगा. इथे मात्र विचारतात.

एका हट्टापासून ते गिऱ्हाइकाला परावृत्त करतात, त्याचेही वेगळे गुण द्यायला हवेत. हल्ली मोबाईलवर ट्यूनर असतो. घरातली आजोबांच्या वेळची जर्मन सुरांची पेटी त्यावर धरली की काटा भलतीकडे दिसतो, आणि "हिला ४४० ला आणून द्या" अशी मागणी होते; ४४० म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांचा, पाश्चात्त्य वाद्यांचा आजचा प्रमाण सूर. जुन्या पेट्या बऱ्याचदा ४४० च्या नसतातच. सगळ्या पट्ट्या सारख्याच चढलेल्या किंवा उतरलेल्या असतील तर ती पेटी बेसूर नाही, तिचा पाया वेगळा आहे. ती ४४० ला आणायची म्हणजे ८४ च्या ८४ जिभा घासायच्या. पितळ गेलं ते गेलं, आणि त्या जुन्या सुरांचा गोलवा पातळ होतो. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यात बारीक सूर वर-खाली करायची सोय असते. तानपुरा पेटीला लावा, पेटी तानपुऱ्याला नको. सिंथेसायझर किंवा बासरी सोबत वाजणार असेल तरच ४४० चा आग्रह धरण्यात अर्थ आहे, आणि तेव्हा त्या कामासाठी दुसरी साधी पेटी घेतलेली बरी.

गंधाराचा प्रश्न याच्याच पुढचा. सप्तकाचे १२०० भाग पाडले तर पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० वर असतो आणि तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार ३८६ वर. चौदा भागांचा फरक जाणत्या कानाला टोचतो. पंचमात फरक दोनच भागांचा, म्हणून त्याबद्दल कुणी ओरडत नाही. स्वर अचल, मींड नाही, अशा आक्षेपांवरून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं होतं, ते १९७१ मध्ये उघडलं. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी केली ती याच दुखण्यावर. साध्या पेटीत काय करता येतं? एकच गायक, एकच पट्टी ठरलेली असेल, समजा काळी एक, तर त्या षड्जाच्या हिशेबाने गंधार-धैवत उतरवून घेता येतात. इथे सांगितलं तर करून देतात, पण आधी तीनदा विचारतात की दुसऱ्या पट्टीत कुणी गाणार नाही ना. कारण त्याच पेटीवर पांढरी चार धरली की आधीचे उतरवलेले स्वर भलत्याच जागी येतात आणि ऐकवत नाही. क्लासच्या पेटीला हे काम करून घेऊ नये. स्केल चेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून षड्ज बदलता येणारी पेटी, असेल तर मुळीच नाही. पट्ट्या सरकवल्या की गंधाराचा सूर दुसऱ्याच स्वराच्या खाली जातो.

स्केल चेंजरचं निघालंच आहे म्हणून एक मत. सरकणाऱ्या फळीमुळे त्यात जोड जास्त, जोड जास्त म्हणजे गळती जास्त, आणि आपल्याकडच्या मे-जुलैच्या खेळात ती फळी वाकायला वेळ लागत नाही. दहा गायकांना साथ करणाऱ्यालाच ती घ्यावीशी वाटली तर ठीक. घरी एका मुलीच्या रियाजासाठी स्केल चेंजर म्हणजे दुरुस्तीवाल्याला लावून दिलेली पेन्शन.

भात्याच्या कामात मात्र सावध राहावं लागतं. भात्याच्या घड्या पुठ्ठ्याच्या असतात आणि कोपऱ्यांवर मऊ कातडं असतं, कारण उघडताना-मिटताना सगळा ताण कोपऱ्यावर येतो. गळती शोधायला इथे अगरबत्तीचा धूर कडेने फिरवतात. धूर जिथे एकदम वळतो किंवा झटका खातो तिथे भोक. हे उत्तम. पण ठिगळ लावताना, तुम्ही काही बोलला नाहीत तर, ते रेक्झिनचं लावतात. रेक्झिन स्वस्त, चटकन चिकटतं, आणि पहिल्या वर्षी काही तक्रार नसते. नागपूरच्या उन्हाळ्यात ते कडक होतं आणि घडीच्या रेषेवर तडकतं. मेंढीचं मऊ कातडं मागावं. थोडं महाग पडतं आणि दोन दिवस जास्त लागतात. चिकटवायला सरसच वापरायला सांगावं. पांढरा गोंद पक्का धरतो, पण पुढच्या वेळी तो सोडवताना पुठ्ठ्याचा पापुद्रा सोबत येतो. घरी कुणी सेलोटेप लावली असेल तर ती नेण्याआधी ओढून काढू नका. तिच्याखालचा चिकटा काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं आणि त्यावर इथे बोलणी खावी लागतात.

भाता मारताना फट्‌ फट्‌ असा आवाज येत असेल आणि भाता उघडताना पोटातली हवा परत ओढली जात असेल, तर दोष कोपऱ्यात नाही, आतल्या झडपांत आहे. बाहेरच्या भात्यातली हवा पोटात जाऊ देणारी आणि परत येऊ न देणारी ती कातड्याची पट्टी उन्हाने वळलेली असते. कोपऱ्यावर ठिगळांवर ठिगळं लावून हा दोष जात नाही. झडप बदलायचं काम छोटं आहे, मात्र त्यासाठी भाता मुळापासून सोडवावा लागतो, म्हणून मजुरी लागते. पोटातल्या भात्याच्या स्प्रिंगा "जरा टाइट" करून घ्यायचा मोह टाळा. पेटी मोठी वाजेल, हात लवकर भरून येईल आणि सगळ्या पेटीचा दाब बदलल्याने खर्ज उतरेल.

जुलैत पट्ट्या अडकतात. दाबलेली पट्टी वर येत नाही किंवा शेजारणीला घेऊन खाली जाते. या दिवसांत पेटी नेली तर इथले कारागीर रंधा हातात घेत नाहीत. पट्टी पावसात घासून मोकळी केली की मेमध्ये तीच सैल होऊन खडखडते. पेटी दोन-तीन दिवस बंद कपाटात ठेवतात, कपाटात जुना तारेचा १५ वॅटचा दिवा. एलईडी इथे उपयोगाची नाही, ती तापत नाही. बहुतेक पट्ट्या तेवढ्यानेच सुटतात. जी उरते तिच्या बाजूला बारीक पॉलिश पेपर एक-दोनदा फिरवून खिळ्याला पेन्सिलीचं शिसं चोळतात. घरी करायचं झालं तर एवढंच करा. शिलाई मशीनचं तेल घालू नका. तेलाने लाकूड फुगतं, धूळ धरते, आणि कातड्यापर्यंत पोचलं तर पट्टी भोकावर चिकटून राहते.

पट्टी सोडली तरी सूर बोलत राहणं हे वेगळं. तिथे पट्टीखालचं कातडं भोक पूर्ण झाकत नाही: धूळ, कडक झालेलं कातडं, वाकलेली पट्टी किंवा थकलेली स्प्रिंग. हे चार दोष याच क्रमाने तपासले जातात, स्वस्तापासून महागाकडे. गंजलेली स्प्रिंग एक बदलली तरी पुरे असं वाटतं, पण तिच्या शेजारच्या पट्ट्यांपेक्षा ती कडक लागते आणि जलद तानेत बोट तिथे अडतं. निदान त्या सप्तकाच्या सगळ्या बदलून घ्याव्यात.

सूर बदलायची वेळ आली तर जुन्याच जातीचा सूर मागा. गुजरातेतल्या पालिताण्याचा सूर जर्मन सुरांच्या ओळीत बसवला तर तो बेसूर नसूनही परका वाटतो, एका गळ्यात दोन आवाज असल्यासारखा. इथे जुन्या मोडलेल्या पेट्यांमधून काढलेले सूर डब्यांत भरून ठेवलेले आहेत आणि जुळणारा सापडेपर्यंत शोधतात. त्यात कधी कधी तीन आठवडे जातात.

आणि वेळ हीच इथली मोठी तक्रार. सांगितलेला वार पाळला जात नाही. फोन उचलला तर नशीब. कागदावर अंदाज मिळत नाही, पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. पेटी उघडल्याशिवाय दर सांगत नाहीत हे मात्र योग्यच आहे. न उघडता आकडा सांगणारा एकतर जास्त सांगतो किंवा नंतर वाढवतो. उघडल्यावर दर तीन भागांत विचारावा: भात्याची मजुरी वेगळी, सूर लावणं वेगळं, बदललेल्या वस्तू नगावर. असं विचारलं की सरळ उत्तर मिळतं. पॉलिश इथे करून घेऊ नये. घाईने ब्रश मारतात, धूळ बसते आणि जाळीच्या कडांना रंग साचतो. पॉलिश लाकूडकाम करणाऱ्याकडे, तेही पेटीतून सुरांची फळी काढून घेतल्यावर. खोक्याचं अस्तर, कड्या, चाकं वगैरे करून देतात, ठीकठाक.

न्यायची वेळ. दिवाळी उलटल्यावर, नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी, हा काळ सर्वांत चांगला. हवा दमट नाही, भाजणारी नाही, लाकूड आपल्या जागेवर आलेलं असतं. गणपतीसाठी पेटी हवी असेल तर आषाढातच द्या. पोळ्याच्या आसपास जाण्यात काही राम नाही. तान्ह्या पोळ्याला मारबत आणि बडगे या इडापिडा घालवणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक महाल-इतवारीकडे निघते, "घेऊन जा गे मारबत" च्या गर्दीत बारा-पंधरा किलोची पेटी घेऊन शिरणं म्हणजे बडग्यांबरोबर तिचीही पाठवणी. बुधवार बाजाराची गर्दीही चुकवा. दुचाकीवर पुढे पाय ठेवायच्या जागेत पेटी उभी ठेवून नेऊ नका. आडवीच न्यावी, भाता कुलूपबंद, स्टॉपर आत, ऑटोच्या मागच्या सीटवर. उभ्या पेटीत पट्ट्या आपल्या वजनाने सरकतात आणि रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला खिळ्यावर आपटतात.

पेटी परत घेताना तिथेच वाजवून पाहा, घाई करू नका. देण्याआधी घरी एक मोजणी करून ठेवलेली असावी: एक स्टॉपर उघडा, भाता पूर्ण भरा, हात सोडा, मधली काळी एक दाबून धरा आणि सूर किती सेकंद टिकतो ते मोबाईलवर मोजा. परत घेताना हीच मोजणी पुन्हा. आकडा वाढला नसेल तर हवेचं काम झालेलं नाही, बाकी काहीही चकचकीत दिसो. मग एकेक स्टॉपर वेगळा उघडून खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्या, एकदा अगदी हळू भात्यावर, एकदा जोरात. हळू भात्यावर जो सूर उशिरा बोलतो त्यावर बोट ठेवून तिथल्या तिथे दाखवा, घरी गेल्यावर फोनवर तो समजावता येत नाही. कपलर, म्हणजे एका पट्टीबरोबर सप्तकभर दूरची पट्टी दाबणारी जोडणी, लावून प्रत्येक पट्टी दाबा. जोडीची पट्टी पूर्ण खाली जाते ना पाहा, अर्धवट दबली तर तिचा सूर उतरलेला ऐकू येतो आणि दोष उगाच सुराच्या नावावर जातो. बदललेले जुने सूर पाकिटात घालून मागा. खालच्या फळीचे स्क्रू मोजा; गंजलेला एखादा काढून तिथे दुसऱ्या मापाचा बसवलेला असतो, आणि तो पुढच्या मे महिन्यात आधी सुटतो.